वयस्कर माणसाला ओपिऑइडचा पॅच लावलाय? घरच्यांनी हे जपा

अंगावरून पॅच काढला तरी औषध अंगात भिनायचं थांबत नाही. ओपिऑइड म्हणजे मॉर्फिनच्या जातीचं कडक वेदनाशामक, आणि त्याच्या पॅचबद्दल एकच गोष्ट सांगायची असेल तर मी हीच सांगेन. पॅचमधलं औषध कातडीच्या थरांत साठतं आणि तिथून हळूहळू रक्तात उतरतं. वरचा पॅच सोलून काढला तरी आतला साठा झिरपतच राहतो. या पॅचमध्ये मुख्यतः फेंटानिल किंवा बुप्रेनॉर्फिन असतं. फेंटानिलचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच २० तास किंवा त्याहून जास्त वेळ लागू शकतो, बुप्रेनॉर्फिनचं यायला ३० तासांपर्यंत. उतारवयात हा वेळ आणखी लांबू शकतो.

मला हे आईच्या आजारपणात कळलं, आणि उशिरा कळलं. कर्करोग मणक्यांत पसरला, आधीपासून चालू असलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या तिला गिळवेनात, म्हणून डॉक्टरांनी फेंटानिलचा पॅच सुरू केला. त्याने तिला खरंच आराम पडला. कित्येक दिवसांनी ती आपली आपण कुशीवर वळली. मग एका सकाळी भावाने नवा पॅच लावला आणि जुना काढायचा राहिला. त्याला वाटलं मी काढलाय, मला वाटलं त्याने काढला असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी आई हाकेला ‘हं’ म्हणायची आणि पुन्हा झोपेत बुडायची. आम्ही दोघं हळू आवाजात बोलत होतो, बिचारीला झोप लागलीय, उठवायला नको म्हणून. संध्याकाळी तिच्या घोरण्यात मध्येच लांब खंड पडायला लागला, तेव्हा कुठे आम्ही घाबरलो. ती त्यातून वाचली. पण शांत झोप आणि मंदावत चाललेला श्वास बाहेरून किती सारखे दिसतात, हे त्या दिवसापासून मी विसरलेले नाही.

ज्यांच्या घरी पहिला पॅच येतोय त्यांच्यासाठी हे लिहितेय. औषध कुठलं, डोस किती, वाढवायचा की कमी करायचा, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. घरात जे घडतं ते मात्र आपल्यालाच सांभाळायचं असतं.

आधी हे : धोका कसा ओळखायचा, त्या क्षणी काय करायचं

क्रमाने हा भाग शेवटी यायला हवा. पण लेख शेवटपर्यंत वाचला जाईलच असं नाही, म्हणून तो आधी घेते.

ओपिऑइड जास्त झालं की मेंदूतलं श्वास चालवणारं केंद्र मंदावतं. अशा वेळी माणूस तडफडत नाही, दम लागल्याची तक्रारही करत नाही. तो नुसता अधिकाधिक झोपत जातो. मुख्य खुणा तीन. हाक मारून, खांदा हलवूनही नीट जाग येत नाही. श्वास संथ किंवा उथळ होतो. आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक होतात. बाहुल्यांवर एकट्या विसंबू नका, कारण काचबिंदूच्या काही थेंबांनीही त्या लहान होतात. भरवसा ठेवायचा तो श्वासावर आणि जाग येण्यावर. घशातून गुरगुरल्यासारखा आवाज, पूर्वी नव्हतं असं जड घोरणं, ओठ किंवा नखं निळसर पडणं, अंग गार आणि चिकट लागणं, या गोष्टी दिसल्या तर प्रकरण पुढे गेलेलं आहे असं समजा.

श्वास मोजायला शिका. घड्याळ समोर ठेवायचं आणि छाती किंवा पोट वर येताना दिसेल तसं पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण मंदावलेला श्वास एकसारखा चालत नाही. मोठ्या माणसाचा श्वास विश्रांतीत साधारण मिनिटाला १२ ते २० वेळा चालतो. तो १० च्या खाली गेला, किंवा जागं केल्यावरही माणूस दोन शब्द धड बोलत नसेल, तर वाट पाहू नका.

रुग्णवाहिका बोलवा आणि फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा की अंगावर ओपिऑइडचा पॅच आहे. ती येईपर्यंत अंगावरचे सगळे पॅच काढा. सगळे म्हणजे खरोखर सगळे. पाठ, खांद्यांच्या फऱ्यांमधली जागा, छातीच्या घडीखाली, दंडाच्या मागची बाजू, पांघरुणात चिकटलेला एखादा, असं सगळीकडे शोधा. काढलेला पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि डॉक्टरांना दाखवायला जपून ठेवा. ती जागा गरम पाण्याने किंवा साबणाने चोळू नका, त्याने औषध आणखी शोषलं जातं. माणूस श्वास घेत असेल तर त्याला कुशीवर वळवा, म्हणजे जीभ मागे पडून किंवा उलटी होऊन घसा बंद होणार नाही. श्वास थांबला असेल तर फोनवरची व्यक्ती सांगेल तशी मदत लगेच सुरू करा.

ओपिऑइडचा परिणाम उलटवणारं औषध आहे, त्याचं नाव नॅलोक्सोन. काही ठिकाणी ते नाकात मारायच्या फवाऱ्याच्या रूपात घरी ठेवायला मिळतं. आपल्याला ते मिळेल का आणि कसं वापरायचं, हे पॅच सुरू होतानाच विचारून घ्या. त्याने माणूस डोळे उघडून बोलायला लागला तरी रुग्णवाहिका परत पाठवू नका. नॅलोक्सोनचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि कातडीतला साठा त्यानंतरही कितीतरी वेळ पुरतो. गुंगी परत येते. पॅच बुप्रेनॉर्फिनचा असेल तर नॅलोक्सोन जास्त प्रमाणात लागू शकतं, कारण बुप्रेनॉर्फिन मेंदूतल्या जागा घट्ट धरून बसतं. म्हणूनच अशा माणसाला रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावं लागतं. घरी ‘आता बरं वाटतंय’ एवढ्यावर थांबणं जिवावर बेततं.

पहिली पायरी : खोक्यावरचं नाव वाचा

दुखण्यावरचे सगळे पॅच एका जातीचे नसतात. डायक्लोफेनॅकचे असतात, लिडोकेनचे असतात. ते ओपिऑइड नव्हेत. शिवाय वयस्कर माणसाच्या अंगावर दुखण्याशी संबंध नसलेले पॅचही असू शकतात. स्मृतिभ्रंशासाठी रिव्हास्टिग्मिनचा, हृदयासाठी नायट्रोग्लिसरीनचा. रिव्हास्टिग्मिनचा रोज बदलायचा असतो आणि फेंटानिलचा तीन दिवसांनी. एकाच कपाटात दोन्ही खोकी शेजारी असली आणि बदलणारी माणसं दोन असली, तर गोंधळ व्हायला फार काही लागत नाही. खोकी वेगवेगळ्या जागी ठेवा.

ओपिऑइड पॅच मुख्यतः दोन औषधांचे असतात. फेंटानिल बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांनी १९६० च्या सुमारास तयार केलं आणि त्याच्या पॅचला अमेरिकेत १९९० मध्ये मान्यता मिळाली. मॉर्फिनपेक्षा ते ५० ते १०० पट तीव्र आहे. पॅच ताशी १२, २५, ५०, ७५ आणि १०० मायक्रोग्रॅमचे मिळतात आणि बहुतेक रुग्णांत ७२ तासांनी बदलतात. बुप्रेनॉर्फिनचे ताशी ५, १० आणि २० मायक्रोग्रॅमचे पॅच सात दिवस ठेवायचे असतात. याच औषधाचे ३५, ५२.५ आणि ७० मायक्रोग्रॅमचे पॅच तीन किंवा चार दिवसांचे असतात. तुमच्या हातातला कुठला आहे आणि किती दिवसांचा, हे खोक्यावर ठळक अक्षरांत स्वतः लिहून ठेवा.

या आकड्यांनी फसायला होतं. ‘फक्त पंचवीसचा आहे’ असं लोक सहज म्हणतात. फेंटानिलचा २५ चा एक पॅच म्हणजे तोंडाने दिवसाला साधारण ६० मिलिग्रॅम मॉर्फिन घेण्यासारखं आहे. ज्या म्हाताऱ्या माणसाने आजवर साध्या तापाच्या गोळीपलीकडे काही घेतलं नाही, त्याला एवढं मॉर्फिन एकदम देण्याचं धाडस कुणी करणार नाही. पॅचच्या रूपात मात्र तेच हातून घडू शकतं, कारण तो दिसतो चिकटपट्टीसारखा.

दुसरी पायरी : पहिला पॅच लावण्याआधी विचारायचं ते

फेंटानिलचा पॅच ज्यांच्या शरीराला ओपिऑइडची सवय झालेली आहे त्यांच्यासाठीच आहे. सवय याचा वैद्यकीय अर्थ ठरलेला आहे: निदान एक आठवडा रोज कमीत कमी ६० मिलिग्रॅम तोंडावाटे मॉर्फिन, किंवा दुसऱ्या ओपिऑइडचा तेवढ्याच ताकदीचा डोस. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, २००५ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये इशारे दिले, ते सवय नसलेल्यांना पॅच लावल्याने मृत्यू झाले म्हणून. त्यांत डोकेदुखी, शस्त्रक्रियेनंतरची दुखणी, अधूनमधून होणारं किरकोळ दुखणं, अशा कारणांसाठी पॅच दिला गेला होता. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एमएचआरएने, सप्टेंबर २०२० मध्ये सांगितलं की कर्करोगाव्यतिरिक्तच्या दुखण्यात, ओपिऑइड न घेतलेल्या रुग्णाला फेंटानिलचा पॅच लावूच नये.

तेव्हा पहिला प्रश्न सरळ विचारा: आमच्या माणसाने याआधी मॉर्फिनसारखं काही नियमित घेतलेलं नाही, तरी हा पॅच चालेल का? डॉक्टरांना हा प्रश्न टोचत नाही. अनेकदा जुनी कागदपत्रं त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नसतात आणि आपण सांगितलं तरच त्यांना कळतं. बुप्रेनॉर्फिनचा ५ चा पॅच सवय नसलेल्यांनाही सुरू करता येतो, पण उतारवयात तोही जपूनच.

दुसरा प्रश्न: हे दुखणं दिवसरात्र सतत आहे का? पॅच सततच्या, मुरलेल्या वेदनेसाठी आहे. चालताना गुडघा दुखतो आणि बसलं की थांबतो, किंवा पडून हाड मोडलंय आणि महिनाभरात जुळेल, अशा दुखण्याला पॅचची जात जुळत नाही. तो हळू चढतो, हळू उतरतो. वेदना मात्र वरखाली होते. वेदना उतरलेल्या वेळीही औषध तेवढंच चालू राहतं, आणि दुखणं कमी असताना श्वासावरचा दाब जास्त जाणवतो.

म्हाताऱ्या शरीरात फरक नेमका कुठे पडतो, हे माहीत असलेलं बरं. यकृत औषध हळू मोडतं. स्नायू आणि अंगावरचं मांस घटलेलं असतं. कातडी पातळ झालेली असते, त्यामुळे शोषण कसं होईल याचा अंदाज चुकतो. मेंदू आणि श्वासाचं केंद्र त्याच डोसाला जास्त प्रतिसाद देतात. किडनी अशक्त असलेल्यांत फेंटानिल आणि बुप्रेनॉर्फिन हे मॉर्फिनपेक्षा बरे पर्याय मानले जातात, आणि पुष्कळदा डॉक्टर ते त्याच कारणाने निवडतात. म्हणजे पॅच दिला म्हणून डॉक्टर चुकले असं नव्हे. दमा, फुफ्फुसांचा जुना आजार, झोपेत श्वास अडकणं, प्रोस्टेटची वाढ, पूर्वी तोल जाऊन पडणं, जुनं बद्धकोष्ठ, यांतलं काहीही असेल तर ते विचारण्याची वाट न बघता सांगा.

स्मृतिभ्रंश असलेल्यांबाबत मी जास्तच सावध राहायला सांगेन. डेन्मार्कमधल्या नोंदींवरचा एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये मांडला गेला. स्मृतिभ्रंश झाल्यावर ज्यांना ओपिऑइड सुरू झालं, त्यांच्यात पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचं प्रमाण अकरा पटींच्या घरात दिसलं. त्यांतले कित्येक मुळातच जास्त आजारी असणार, सगळा दोष औषधावर टाकता येत नाही. पण पहिले दोन आठवडे डोळ्यांत तेल घालून काढायचे, एवढं त्यातून नक्की घ्यावं. असा माणूस ‘मला गुंगी येतेय’ असं सांगू शकत नाही.

तिसरी पायरी : बाकीच्या औषधांची पिशवी डॉक्टरांपुढे रिकामी करा

यादी नको, पिशवीच न्या. यादीत झोपेची गोळी लिहायची राहते.

झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम आणि त्यांची भावंडं, ओपिऑइडबरोबर श्वास दुहेरी दाबतात. एफडीएने २०१६ मध्ये या जोडीबद्दल सर्वांत कडक इशारा औषधांच्या माहितीपत्रकावर छापायला लावला. नसांच्या दुखण्यासाठी दिलेलं गॅबापेंटिन किंवा प्रीगाबालिन, सर्दीखोकल्याची झोप आणणारी औषधं आणि दारू, यांचंही तसंच आहे.

दुसरा गट लक्षात येत नाही, कारण त्यातली औषधं झोप आणत नाहीत. फेंटानिल यकृतातल्या एका एन्झाइमने मोडलं जातं. काही औषधं त्या एन्झाइमला अडवतात, आणि मग पॅच तोच राहून रक्तातलं फेंटानिल वाढतं. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं, इट्राकोनाझोल आणि फ्लुकोनाझोल ही बुरशीवरची औषधं, रक्तदाबासाठीची डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल, ही त्यांतली. ग्रेपफ्रूटचा रसही. एरवी ठीक चाललेल्या माणसाला छातीत कफ झाला म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी पाच दिवसांचं क्लॅरिथ्रोमायसिन लिहिलं, आणि पॅचबद्दल कुणी बोललंच नाही, असं होऊ शकतं. म्हणून कुठलंही नवं औषध घेताना, अगदी दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा, पहिलं वाक्य पॅचचं असू द्या. नैराश्यावरच्या गोळ्या किंवा दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल चालू असेल तर तेही सांगायचं. फेंटानिलबरोबर त्यांचा वेगळा त्रास होऊ शकतो, त्यात अंग थरथरतं, घाम सुटतो, माणूस बेचैन होतो.

चौथी पायरी : लावण्याची रीत

आधी जुना शोधून काढायचा, मग नवा उघडायचा. हा क्रम आमच्या घरी मोडला होता, म्हणून तो मी कुणालाही दोनदा सांगते. जुना पॅच हातात आला नाही तर नवा लावायचाच नाही, आधी शोधायचा. काही पॅच पारदर्शक असतात आणि सुरकुतलेल्या कातडीवर दिसतच नाहीत. बोटांनी चाचपावं लागतं.

जागा सपाट, कोरडी, जखम किंवा पुरळ नसलेली हवी. छातीचा वरचा भाग, पाठ, दंडाची बाहेरची बाजू. ज्या कातडीवर किरणोपचार झालेत तिथे नको. माणूस गोंधळलेला असेल, पॅच उपटत असेल, तर पाठीवर वरच्या बाजूला लावा, तिथे त्याचा हात पोचत नाही. उपटलेला पॅच तोंडात जाण्याचा धोका खरा आहे आणि चघळलेला पॅच घातक ठरतो.

केस असतील तर कात्रीने कापा. वस्तरा फिरवू नका, त्याने कातडी सोलवटते आणि औषध भराभर शिरतं. जागा नुसत्या साध्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करा; साबण, तेल, मलम, स्पिरिट काही नको. पॅच लावून तळहाताने ३० सेकंद दाबून धरा आणि कडा बोटाने फिरवून बघा. मग स्वतःचे हात पाण्याने धुवा. कडा सुटत असतील तर त्यांच्यावर प्रथमोपचाराची चिकटपट्टी लावता येते. पॅच कात्रीने अर्धा करायचा नाही. औषध संपत आलंय, पैसे वाचवू, अर्धा पुरेल, असे विचार मनात येतात, पण जेलचा पॅच कापला की सगळं औषध एकदम बाहेर येतं. पाकीट फाटलेलं किंवा पॅच खराब झालेला असेल तर तोही वापरू नका.

पुढचा पॅच दुसऱ्या जागी. फेंटानिलसाठी तीच जागा काही दिवस टाळायची, सात दिवसांच्या बुप्रेनॉर्फिनसाठी तीन ते चार आठवडे. आमच्याकडे नंतर एक वही केली. तारीख, वेळ, शरीराची जागा, ‘जुना काढला’ समोर खूण आणि सही. जो बदलेल त्याचीच सही, दुसऱ्याने करायची नाही. रोज एकदा, अंघोळीच्या वेळी, पॅच जागेवर आहे का ते बघून वहीतच टिंब. दोन मिनिटांचं काम आहे.

पाचवी पायरी : पहिले तीन दिवस

पॅच लावल्यावर लगेच आराम पडत नाही. फेंटानिल रक्तात पुरेसं चढायला १२ ते २४ तास लागतात, आणि पहिल्याच पॅचचं प्रमाण पहिल्या तीन दिवसांत वाढत राहू शकतं. इथे चूक हटकून होते. पहिल्या रात्री माणूस कण्हतो, घरच्यांना बघवत नाही, आणि कुणीतरी दुसरा पॅच लावतं. सकाळी पहिला पॅच चढतो, दुपारी दुसरा. तोवर सगळे थकून झोपलेले असतात.

या मधल्या तासांसाठी काय द्यायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. थोड्या वेळासाठी काम करणारी गोळी किंवा पातळ औषध ते सांगतील, किती वेळा हेही सांगतील. तेवढंच द्या. पहिले ७२ तास रात्रीसुद्धा कुणीतरी दोन-तीन वेळा उठून श्वास मोजावा. डोस वाढवल्यावर पुन्हा तेच.

सहावी पायरी : उष्णता लांब ठेवा

हा धोका बहुतेकांना कुणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून लिहिते. कातडी गरम झाली की तिच्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि पॅचमधलं औषध वेगाने आत ओढलं जातं. आता विचार करा: दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी प्रेमाने पहिलं काय केलं जातं? शेक दिला जातो. गरम पाण्याची पिशवी, विजेचा शेकणारा पट्टा, विजेचं ब्लँकेट, कढत पाण्याची अंघोळ, उन्हात खुर्ची टाकून बसवणं. जिथे पॅच आहे तिथे यांतलं काहीही नको. पॅच पाठीवर आणि शेक गुडघ्याला, एवढं ठीक असलं तरी तेही डॉक्टरांना विचारून. अंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात.

तापही हेच करतो, आणि तो आतून करतो. अंगाचं तापमान ४० अंश सेल्सियसपर्यंत गेलं तर रक्तातलं फेंटानिल साधारण एक तृतीयांशाने वाढू शकतं असं औषधाच्या माहितीपत्रकात दिलेलं आहे. ताप आला की फक्त कपाळ बघून थांबू नका. थर्मामीटर लावा, डॉक्टरांना फोन करा, श्वास मोजायला लागा. तापात माणूस ग्लानीत असतोच, त्यामुळे पॅचची गुंगी तापाच्या नावावर खपून जाते.

अंगावरचं मांस झपाट्याने उतरत असेल, खाणं सुटलं असेल, तर तेही कळवा. दोन महिन्यांपूर्वी बरोबर असलेला डोस आजच्या शरीराला जड असू शकतो.

सातवी पायरी : रोजच्या खुणा

बद्धकोष्ठ होणारच असं धरून चाला. इतर त्रासांची शरीराला सवय होते, याची होत नाही. पॅचबरोबरच रेचक सुरू करायचं का, हे विचारा, आठवडाभर थांबून नव्हे. पाणी कमी पिणाऱ्या अंथरुणावरच्या माणसाला नुसता इसबगोल देऊ नका, तो आतड्यात घट्ट बसू शकतो.

अचानक भ्रम होणं, नसलेली माणसं दिसणं, दिवसा झोप आणि रात्री जाग, याला ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज वेगळा वागत असेल तर कारण शोधायचं असतं, आणि पॅच हे त्यातलं एक कारण आहे. लघवी तुंबते का ते पाहा. बिछान्यातून उठताना आधी दोन मिनिटं कडेला बसवा, मग हात धरून उभं करा. चक्कर येऊन पडण्यात मांडीचं हाड मोडलं तर त्यातून उठणं कठीण होतं. वाहन चालवू देऊ नका, निदान डोस स्थिर होईपर्यंत.

पॅच एकाएकी बंदही करायचा नाही. काही आठवड्यांनंतर तो अचानक काढला तर घाम, जुलाब, अस्वस्थता, अंगदुखी उसळते. श्वासाचा धोका दिसला तर मात्र काढायचाच, त्यात विचार करत बसायचं नाही. एरवी कमी करणं हे डॉक्टरांच्या सांगण्यानुसार, टप्प्याटप्प्याने.

आठवी पायरी : वापरलेला पॅच आणि घरातली लहान मुलं

तीन दिवस वापरून काढलेल्या पॅचमध्येही बरंच औषध उरलेलं असतं. एवढं, की ते लहान मुलाचा जीव घेऊ शकतं. एफडीएने २०१२ मध्ये सांगितलं की आधीच्या १५ वर्षांत मुलांच्या अशा २६ घटना त्यांच्यापुढे आल्या, त्यांतल्या १० मुलांचा मृत्यू झाला, आणि २६ पैकी १६ मुलं दोन वर्षांची किंवा त्याहून लहान होती. रांगणारं मूल जमिनीवरचं काहीही तोंडात घालतं. मोठ्यांच्या अंगावरची चिकटपट्टी काढून स्वतःला लावणं हा त्याच्यासाठी खेळ असतो.

काढल्या काढल्या चिकट बाजू आत घेऊन घट्ट दुमडा. उघड्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. विल्हेवाटीची पद्धत जागोजागी वेगळी आहे: कुठे औषधाच्या दुकानात परत घेतात, कुठे शौचकुपात टाकून पाणी सोडायला सांगतात. पहिलं खोकं घेतानाच विचारा. तोवर वापरलेले आणि न वापरलेले, दोन्ही कुलपात. एका अंथरुणात झोपताना आजीच्या दंडावरचा सुटलेला पॅच नातवाच्या पाठीला चिकटू शकतो, जोडीदाराच्याही. ज्या घरात मूल आजी-आजोबांजवळ झोपतं तिथे पॅच पाठीवर, कपड्याच्या आत असू द्या, आणि सकाळी मुलाच्या अंगावर एकदा नजर टाका. दुसऱ्याच्या अंगाला पॅच चिकटलेला दिसला तर लगेच काढा, जागा नुसत्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे न्या, ते माणूस ठीक दिसत असलं तरी.

नववी पायरी : दुसऱ्याच्या हाती सोपवताना

एमआरआय काढायचा असेल तर खोलीत जाण्याआधी पॅचबद्दल सांगा. काही पॅचच्या मागच्या थरात धातू असतो आणि त्याने कातडी भाजू शकते. एफडीएने याबद्दल २००९ मध्ये सावध केलं होतं. काढलेला पॅच पुन्हा लावायचा नसतो, तेव्हा नवा केव्हा लावायचा ते तिथेच ठरवून घ्या. शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगायचं.

रात्रीसाठी कुणी नवी बाई येणार असेल, बहीण आठवडाभर येऊन राहणार असेल, माणूस रुग्णालयात दाखल होणार असेल, तर पॅच कागदावर सांगून भागत नाही. सोपवणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनी मिळून कपडा बाजूला करून तो अंगावर बघायचा, किती आहेत ते मोजायचे, वहीतली शेवटची ओळ वाचायची आणि खाली दोघांनी सह्या करायच्या. रुग्णवाहिकेचा नंबर, डॉक्टरांचा नंबर, पॅचचं नाव आणि ताकद, या चार गोष्टी मोठ्या अक्षरांत पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर लावा, आणि त्याखाली एकच ओळ लिहा: झोपलेत असं वाटलं तरी हाक मारून बघा.